छातीत जाळ आणि तोंडात ‘ठीक हाय’

मागच्या मंगळवारी मला ऑपरेशन थिएटरच्या दारातनं परत पाठवलं. अंगात हिरवा झगा, डोक्याला कापडी टोपी, हाताला सुई टोचून तयार आणि पोटात दोन बशा पोहे. पोह्यांची हकीकत पुढं येईलच. सध्या एवढंच सांगतो की आता बुधवारची तारीख मिळाली आहे, आज रविवार आहे, आणि मधल्या या दिवसांत मी एका जागी बसलेलो नाही. ओटा ते फाटक, फाटक ते ओटा. हे लिहितानासुद्धा दर चार ओळींना उठतोय. सुमन, म्हणजे आमची मंडळी, सकाळीच म्हणाली, “आवं, फरशी झिजंल. लिवायचं आसंल तर बसून लिवा, न्हायतर रानात जाऊन चाला.”

मी अठ्ठावन्न वर्षांचा. सव्वीस वर्षं फौजेत काढली, नायब सुभेदार होऊन घरी आलो आणि आता साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटावर सुरक्षा सुपरवायझर आहे. आजार म्हणाल तर ॲसिडिटी. यात काही शौर्य नाही. हार्टवाल्याला बघायला माणसं सफरचंदं घेऊन येतात. ॲसिडिटीवाल्याकडं रिकाम्या हातानं येतात आणि उपाय सांगून जातात. जिरं चावा, थंड दूध प्या, कोकम घ्या, उपाशीपोटी गरम पाणी प्या, उपाशी राहूच नका. मी सगळं केलं. एकदा तर हे सगळं एकाच दिवशी केलं.

पण माझी ॲसिडिटी जेवणानंतर तासाभरानं येऊन जाणाऱ्यातली नव्हती. बुटाची नाडी बांधायला वाकलो की पोटातलं आंबट पाणी थेट घशात. गेटावर ट्रकची पावती वाचायला मान खाली घातली की तेच. छातीच्या मधोमध आतून कुणी काडी ओढल्यासारखा जाळ. आवाज बसलेला. ज्या आवाजानं परेडच्या मैदानावर तिसऱ्या रांगेतला जवान दचकायचा, त्या आवाजाला आता ट्रकचा क्लीनरसुद्धा “काय म्हणला काका?” असं विचारतो.

हार्ट चांगलं हाय

सुरुवातीला मला वाटलं, हार्टच. दीडेक वर्षापूर्वी गेटावर उभा असताना छातीत असा जाळ उठला की मी खुर्ची धरली. गेटावरच्या दोघांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सहा तास पाडून ठेवलं. सुमन बाहेर बाकावर. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, “हार्ट उत्तम आहे. हे पोटाचं दिसतंय. तेलकट-तिखट बंद करा आणि एंडोस्कोपी करून घ्या.”

या वाक्यातलं मी ‘हार्ट उत्तम आहे’ एवढंच ऐकलं. बाहेर आलो, सुमनला म्हणालो, “हार्ट चांगलं हाय. चल.” आणि आनंदाच्या भरात समोरच्या हॉटेलात दोन मिसळी सांगितल्या. तिनं विचारलं, “डॉक्टर चालंल म्हनलं का मिसळ?” मी म्हणालो, “त्येनला काय विचारायचं? सुटलो की.” तर्रीचा तिसरा चमचा पोटात जाईपर्यंत मी परत छाती धरून टेबलावर वाकलेलो. हॉटेलवाला घाबरून रिक्षा बोलवायला धावला. त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरांसमोर, अर्ध्या तासात दुसऱ्यांदा. त्यांनी माझ्या मिशीकडं बघितलं. मिशीला मिसळीचा कट लागला होता. मग एंडोस्कोपीची चिठ्ठी या वेळी सुमनच्या हातात दिली.

निदानाचा दिवस म्हणजे तो एंडोस्कोपीचा. घशात फवारा मारतात, जीभ लाकडासारखी होते, आणि दातांत प्लॅस्टिकची कडी देऊन नळी आत सोडतात. दोनच मिनिटांचं काम, पण त्या दोन मिनिटांत मी नर्सचं मनगट असं आवळलं की नंतर तीच बर्फ लावत बसली होती. मग डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. अन्ननलिका खाली लालभडक, खरचटल्यासारखी. “इथं झडप असते,” ते म्हणाले. “तुमची ढिली झालीय. आणि पोटाचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून वर सरकलाय.”

मी विचारलं, “वर सरकलाय म्हंजी किती?”

“इंचभर.”

“परत खाली येत न्हाई का आपलं आपण?”

डॉक्टर म्हणाले, “नाही. त्याला हुकूम कळत नाही.” मी फौजी आहे हे त्यांना माझ्या उभं राहण्यावरून कळलं होतं.

विटा

गोळ्या सुरू झाल्या. आणि हुकूम मिळाला, पलंगाची डोक्याची बाजू अर्धा फूट उचलायची. मी त्याच दुपारी बांधकामावरून चार विटा आणल्या आणि पलंगाच्या उंच पाठीच्या बाजूला, दोन्ही पायांखाली दोन-दोन लावल्या. पाणसळ धरून बघितली. काम चोख.

पंधरा दिवसांत त्रास दुप्पट. रोज पहाटे घशात आंबट, नाकात आंबट. मी डॉक्टरांना शिव्या, गोळ्यांच्या कंपनीला शिव्या. सोळाव्या दिवशी मुलगी मलकापूरहून आली, खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, तुमी दोघं कुठल्या बाजूला डोकं करता?”

आमच्या पलंगाची पाठ उत्तरेकडं आहे. उत्तरेला डोकं करून आमच्याकडं कुणी झोपत नाही. लग्नापासून आम्ही पायथ्याकडं उशा घेऊन झोपतो, दक्षिणेला डोकं. म्हणजे पंधरा दिवस आम्ही नवराबायको पाय वर आणि डोकी खाली करून झोपत होतो. सुमन म्हणाली, “तरीच म्हनलं, माझं डोकं का जड हुतंय.” मी म्हणालो, “मग बोलली का न्हाईस?” ती म्हणाली, “पाणसळ लावून केल्यालं काम. मी काय बोलनार?”

विटा हलवल्या. थोडा फरक पडला. पण थोडाच. मग मी पलंग सोडून खुर्चीत झोपायला लागलो, आणि ते सवयीचंच झालं.

इन्स्पेक्शन

इथं माझ्या स्वभावातली एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

फौजेत वर्षातून एकदा मेडिकल होतं. तिथं काही दुखतं असं सांगितलं की शेरा पडतो, शेरा पडला की बढती अडते. त्यामुळं डॉक्टरसमोर उभं राहून विचारायच्या आधीच “ठीक हूँ साहब” म्हणायचं, ही सव्वीस वर्षांची सवय. आणि मोठे साहेब पाहणीला येणार असले की आदल्या दिवशी झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना, जे हलेल ते झाकायचं आणि जे हलणार नाही ते रंगवायचं. साहेब येतात, बघतात, ‘बहुत बढिया’ म्हणून जातात. मग गेरू धुऊन निघाला तरी चालतो.

हीच विद्या मी मिरजेत वापरली.

वर्षभरानं गोळ्यांनी अन्ननलिकेच्या जखमा भरल्या, पण पाणी वर येणं, खोकला आणि खुर्चीतली झोप तशीच राहिली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मिरजेच्या एका सर्जनबाईंकडं पाठवलं. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर पेन्सिलनं पोट काढलं. म्हणाल्या, “वर सरकलेला भाग खाली ओढायचा, पडद्यातलं भोक शिवायचं आणि पोटाचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायचा. दुर्बिणीतून होतं.”

“मफलर बांधल्यासारखं?”

“तसंच. पण आधी एक तपासणी. खरंच किती ॲसिड वर येतं ते बघू. नाकातून बारीक नळी घालू, कमरेला छोटा डबा. चोवीस तास घरी राहायचं. त्याआधी आठवडाभर गोळ्या बंद. आणि त्या दिवशी नेहमी जसं खाता, जसं राहता, तसंच. मुद्दाम काही करायचं नाही.”

मी म्हणालो, “जी मॅडम.” आणि बाहेर येऊन तयारीला लागलो. गोळी बंद केली नाही, कारण गोळीशिवाय एक दिवस काढायची छाती नव्हती. उशीच्या खोळीत ठेवून गुपचूप घेतली. तपासणीच्या दिवशी मिरजेतच एका पाहुण्यांकडं राहिलो. सकाळी मऊ भात, दुपारी दहीभात, संध्याकाळी मुगाचं पाणी. दिवसभर खुर्चीत ताठ. वाकायचं नाही, जोरात बोलायचं नाही, ढेकरसुद्धा परवानगी घेऊन. मधनंमधनं डब्याकडं बघून वाटायचं, बघ म्हणावं, सगळं कसं टापटीप आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आलेख बघितला, चष्मा काढला. “रिपोर्ट नॉर्मल आहे.”

माझी छाती फुगली. खरं सांगतो. मी पास झालो होतो.

“म्हणजे मी तुमचं ऑपरेशन करणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचं ॲसिड वर येतच नाहीये. खोकला दुसऱ्या कशाचा तरी असेल. छातीच्या डॉक्टरांना दाखवा. आता काही त्रास?”

आणि माझ्या तोंडातून ते आलंच. “ठीक हाय, मॅडम.”

बाकावरची बाई

आतापर्यंत दवाखान्याच्या प्रत्येक फेरीत सुमन बाहेर बाकावर असायची. ‘तू बस, मी आलो विचारून’ म्हणून मी आत जायचो. आमच्याकडं तशीच पद्धत आहे. त्यात काही चूक आहे असं मला वाटलंही नव्हतं.

मी उठणार एवढ्यात मॅडम म्हणाल्या, “बरोबर कोण आलंय?”

“मिशेस हाय बाहेर. पण तिला काय माहीत न्हाई यातलं.”

“बोलवा.”

सुमन आत आली, पदर सावरून खुर्चीच्या टोकाला बसली. मॅडमनी विचारलं, “यांना घरी काय त्रास होतो?”

ती एकदा माझ्याकडं बघून जी सुटली, ती थांबलीच नाही. “डॉक्टर, ह्ये काय ठीक न्हाईत. दिवाळीपास्नं ह्ये आडवं झोपल्यालं न्हाईत. ह्ये खुर्चीत आन मी जागी. दोनदा श्वास आडाकला ह्येंचा. डोळं पांढरं क्येलं, घशातनं आवाज बी निगंना. मी पाठीत बुक्क्या घातल्या तवा आंबट पाणी भाईर आलं. आन सकाळी इचारलं तर म्हनत्यात, खोकला आलता वाईच. आन गोळ्या बंद करा म्हनला हुता न्हवं तुमी? एक दिस बी बंद क्येल्या न्हाईत. आन तपासणीच्या दिशी नुसता दहीभात खाऊन ताठ बसलं हुतं. उशीच्या खोळीत ठेवत्यात. ह्येंना वाटतं मला दिसत न्हाई. मीच तर खोळी धुते!”

 मॅडम माझ्याकडं बघत होत्या. कोर्ट मार्शलसमोर उभं राहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, ती त्या दिवशी आली.

“पाणी श्वासनळीत जातंय,” मॅडम म्हणाल्या. “आणि तुम्ही मला दहीभात दाखवलात.”

परत तपासणी ठरली. या वेळी सूचना सुमनला दिल्या.

परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. मग तिकडंच बघत म्हणाली, “तिकडं बॉर्डरवरनं फोनात ‘ठीक हाय’ म्हनत हुतासा. ते ऐकून मी इकडं जेवत हुते. सव्वीस वर्सं. आता समोर बसून बी तेच म्हनतासा. मंग मी जेवायचं कशावर?”

 मी खिशातली गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती पिशवीत टाकली आणि साताऱ्यापर्यंत झोपली. मान माझ्या खांद्यावर. घशात पाणी येत होतं, पण मी हललो नाही.

नाकात नळी घालून जत्रेला

तो गोळ्यांशिवायचा आठवडा कसा काढला ते विचारू नका. चालून काढला. कारखान्याच्या कुंपणाला मी इतक्या फेऱ्या मारल्या की मॅनेजर खूष झाले, म्हणाले, राउंड वाढवलेत वाटतं.

दुसऱ्या तपासणीची तारीख आली ती नेमकी माझ्या सासुरवाडीच्या जत्रेच्या दिवशी. गाव वाळव्याकडं, मिरजेपासून तासाभराच्या अंतरावर. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, “दरवर्षी जाता का?” म्हटलं, व्हय. “मग जा. नेहमीसारखं म्हणजे नेहमीसारखं. आणि जळजळलं की डब्यावरचं बटण दाबा.”

ज्यांना आमच्याकडची जत्रा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवशी गावात घराघरांत मटण शिजतं आणि एका घरी जेवून सुटका नसते. मेव्हण्याकडं जेवलं की चुलत मेव्हण्याकडं, तिथनं साडूच्या मित्राकडं. “दोनच घास” म्हणून बसवतात आणि तांबडा रस्सा वाटीत नाही, वाडग्यात ओततात. त्यातनं मी जावई. जावयानं ताट सारलं तर पुढच्या जत्रेपर्यंत त्याच्यावर चर्चा.

नाकातनं नळी, ती गालावर चिकटपट्टीनं चिकटवलेली, कानामागनं कमरेच्या डब्यात. गावात पाऊल टाकलं आणि देवळापुढची गर्दी वळून बघायला लागली.

“काय वो पाव्हणं, मोबाईल नाकातनं चार्ज करताय व्हय?”

“मिल्ट्रीचं कायतरी आसंल रं. गप बस, आपलं बोलणं टेप हुईल.”

मेव्हणा शंकर, हाडाचा वात्रट माणूस, प्रत्येक घरी माझी ओळख करून द्यायचा, “आमचं दाजी. सरकारनं ह्येंच्या पोटात कॅमेरा बसवलाय. मटान कुणाकडचं झ्याक हाय ते थेट वर कळतंय.” याचा परिणाम असा झाला की प्रत्येक घरात मला नळीचं हाडूक आणि दुप्पट रस्सा मिळाला. सुमनच्या म्हाताऱ्या मावशीनं मात्र जवळ येऊन नळीला बोट लावलं. “तोंडानं जेवाय येत न्हाई व्हय रं लेकरा आता?” आणि डोळ्याला पदर लावला. मी म्हणालो, “मावशी, तोंडानंच जेवतोय, चार घरं झाली.” तेव्हा कुठं तिनं ताट वाढलं. ते पाचवं.

प्रत्येक घरानंतर बटण. पहिल्या घरी एकदा दाबलं, तिसऱ्या घरी पाच वेळा. शेवटी शंकरच्या अंगणात खाटेवर जरा कलंडलो आणि असं पाणी वर आलं की बटण सापडेना. सुमननं हात पुढं करून ते दाबलं. दाबूनच धरलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आलेख बघितला. या वेळी त्यांच्या भुवया वर गेल्या. “हे काय केलंत?”

“नेहमीसारखं, मॅडम.”

आयुष्यात पहिल्यांदा नापास होऊन मला पेढे वाटावेसे वाटले.

ढेकर

पण मग खरी बेचैनी सुरू झाली. आता ऑपरेशन होऊ शकत होतं, आणि करायचं की नाही ते मला ठरवायचं होतं.

मॅडमनी काही लपवलं नाही. गोळ्यांवर दिवस ढकलता येतील, पण गोळी ॲसिड कमी करते, पाणी वर येणं थांबवत नाही. ऑपरेशन केलं तर आधी काही दिवस पातळ, मग मऊ खायचं. घास अडकल्यासारखा वाटू शकतो. पोटात गॅस धरतो. काहींना काही वर्षांनी परत गोळ्या लागतात. आणि ढेकर येणं अवघड होतं.

बाकी सगळं मी सोसायला तयार होतो. ढेकर ऐकल्यावर मात्र हललो. आमच्याकडं जेवून उठताना ढेकर दिली नाही तर घरधनीण विचारते, “भाजी आवडली न्हाई वाटतं?” जत्रेला मी पाच घरी पाच ढेकरी देतो, तेव्हा लोकांना समाधान वाटतं. बिनढेकरीचा जावई कोण बोलवणार? तुम्ही हसाल, पण मी खरोखर आठवडाभर या एका गोष्टीवर अडून बसलो होतो. मोठी भीती समोर उभी असली की माणूस तिच्या शेजारची लहान भीती हातात घेऊन खेळत बसतो. मला भीती वाटत होती ती भुलीची. झोपवतील आणि मी उठणार नाही, याची. ती मी कुणाला सांगितली नाही.

शेजारचे म्हणाले, पोटाला चाकू लावू नये. मुलगी म्हणाली, करून टाका बाबा. मिरजेत मॅडमच्या दारात एक गुरुजी भेटले, असंच ऑपरेशन झालेले. मी त्यांना पहिला प्रश्न ढेकरीचाच विचारला. ते म्हणाले, “नाही येत. पोट टम्म होतं कधीकधी. खोटं कशाला सांगू. पण मी उताणा झोपतो, सुभेदार. अगदी सपाट.” हे सांगताना त्यांनी तळहात हवेत असा आडवा फिरवला, जसं एखादं शेत सपाट केलेलं दाखवावं. तो हात मला अजून दिसतो.

सुमनला विचारलं तर म्हणायची, “पोट तुमचं, तुमी ठरवा.” पण एका दुपारी मी ड्युटीवरनं लवकर आलो तर ती स्वयंपाकघरात कट्ट्याला टेकून बसल्या बसल्या झोपलेली, हातात अर्धी निवडलेली मेथी. खुर्चीत मी झोपत होतो आणि जागरण तिला घडत होतं. मी फोन उचलून मिरजेला कळवलं, करायचंय.

पोहे

तर मंगळवार. सोमवारी संध्याकाळी भरती झालो. रात्री दहापासून तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, असं नर्सनं दोनदा सांगितलं. सुमन सकाळी सहाला खाली कागदपत्रं करायला गेली आणि मी व्हरांड्यात चालायला लागलो. बसवत नव्हतं. टोकाला खिडकी, परत फिर, टोकाला जिना, परत फिर.

शेजारच्या खोलीत जतकडचं एक कुटुंब होतं. म्हाताऱ्याचं हर्नियाचं झालेलं, सगळे खुशीत. त्यांनी स्टीलचा डबा उघडला. पोहे. वर कोथिंबीर, शेंगदाणे, लिंबाची फोड.

“या की वो पाव्हणं. चालून चालून दमलासा. घ्या दोन घास.”

आता मला सांगा, नाही म्हणायला काय लागतं? ‘माझं ऑपरेशन आहे’, तीन शब्द. पण माणसानं पुढं केलेली बशी परत सारायची, हे मला आलंच नाही कधी. पाच घरी मटण खाणारा मी. हात पुढं झाला. भीतीनं पोटात खड्डा पडला होता, त्यात ते गरम पोहे असे उतरले की काय सांगू. त्यांनी दुसरी बशी वाढली. तीही झाली. मग तोंड पुसून, मिशी पुसून मी परत चालायला लागलो. या वेळी मिशीची काळजी घेतली.

साडेआठला झगा घातला. ढकलगाडीवर आडवा. सुमन शेजारनं चालत होती, हात गाडीच्या दांड्यावर. थिएटरच्या दारात भुलीचे डॉक्टर आले, तरणेबांड, तोंडाला पट्टी.

“काका, रात्री दहानंतर काही खाल्लं-प्यायलं नाही ना?”

“ठीक हाय, साहेब.”

“ठीक आहे म्हणजे? खाल्लंय की नाही?”

मी वर छताकडं बघितलं. सपाट झोपवलेलं असल्यामुळं लिंबू आणि शेंगदाणे घशात येऊन उभे होते. खरं बोललो तर तारीख जाणार, हे कळत होतं. महिनाभर मन घट्ट करून आणलेलं, ते परत कुठून आणायचं? आणि एवढ्या लोकांसमोर, दोन बशा पोह्यांसाठी? मान वळवली तर सुमन.  एसटीत खिडकीबाहेर बघत होती तसं ती त्या बंद दाराकडं बघत होती.

“पोहे,” मी म्हणालो.

“काय?”

“पोहे खाल्ले, साहेब. साडेसहाला.”

“किती?”

“बशीभर.” मग म्हणालो, “दोन बशा.”

त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, “काका, भूल दिल्यावर पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात जातं. तुमची तर झडपच ढिली. तुम्ही बोलला नसता तर मला कळलं नसतं.” एवढं बोलून त्यांनी आत बघून हात केला, पुढचा पेशंट घ्या म्हणून.

गाडी परत फिरली. व्हरांड्यातनं जाताना जतकडचे लोक हात जोडून उभे. त्यांना वाटलं, झालं ऑपरेशन, एवढ्या लवकर! म्हातारा म्हणाला, “देवाची कृपा.”

खोलीत सुमन बराच वेळ स्टुलावर बसून राहिली. मी भिंतीकडं तोंड करून पडलो. म्हटलं, आता बोलेल, आता बोलेल. शेवटी म्हणाली, “कसं हुतं पोहं?”

“शेंगदाणे लय हुते,” मी म्हणालो.

ती हसायला लागली. हसता हसता पदर तोंडावर घेतला आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी उठून बसलो. काय करावं कळेना, म्हणून पाठीवर हात ठेवला. तिनं मला बुक्क्या मारून वाचवलं होतं, मला नुसतं थोपटता येत होतं. तेव्हा सांगितलं तिला. म्हणालो, “सुमन, मला भुलीचं लय भ्या वाटतंय. उठलोच न्हाई तर.” ती म्हणाली, “मला का वाटत न्हाई? पर खुर्चीत बी तेच भ्या हाय की वो. रोजचं.”

बुधवार

तारीख मिळाली आणि आम्ही घरी आलो. या दिवसांत तीन वेळा वाटलं, जाऊच नये. देवानंच अडवलं, असंही मनाला सांगून बघितलं. पण अडवलं पोह्यांनी होतं, हे मला पक्कं माहीत आहे.

माझ्यासारखा त्रास असणाऱ्यांना सल्ला द्यायला मी कोण? तरी दोन गोष्टी सांगतो. विटा लावण्याआधी आपण कुठल्या बाजूला डोकं करतो ते बघा. आणि बाकावर बसवलेलं माणूस आत घेऊन जा.

हे लिहिता लिहिता मधेच मिरजेहून फोन आला. नर्सबाई होत्या. “काका, बुधवारचं लक्षात आहे ना? येताय ना? तब्येत कशी आहे?”

सुमन उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मान वर केली नाही, पण बोटं थांबली.

“बरी न्हाई,” मी म्हणालो. “जळजळतंय. झोप न्हाई. भ्या बी वाटतंय. येतोय.”

 मग त्या म्हणाल्या, “बरं. मंगळवारी रात्री दहानंतर काही खायचं नाही हं, काका. काहीही.”

“थांबा, सिस्टर,” मी म्हणालो, “हे मंडळींना सांगा,” आणि फोन सुमनकडं दिला. ती स्पीकरवर टाकून ऐकायला लागली, मध्येमध्ये “व्हय, व्हय” म्हणत. मी सवयीनं फाटकाकडं निघालो होतो. अर्ध्यातनं परत फिरलो आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसून सुपातले खडे काढायला लागलो.